दस्तीच्या जागी पप्पा

दहावीचा शेवटचा पेपर देऊन विशाखा नरवाडे घरी आली आणि पायातली चप्पल काढायच्या आधीच तिनं जाहीर केलं, की अकरावीला आपण लातूरला जाणार, होस्टेलवर राहणार आणि या विषयावर आता चर्चा नको.

चर्चा बारा दिवस चालली.

लातूरला जाऊच नये असं घरात कोणाचं म्हणणं नव्हतं. नांदेडची निम्मी पोरं शिकायला लातूरला जातात, लातूरची काही नांदेडला येतात, आणि दोन्हीकडच्या आईबापांना ठाम वाटतं की खरा अभ्यास पलीकडच्या गावातच होतो. तेव्हा प्रश्न लातूरचा नव्हता, विशाखाचा होता. गेल्या दोन वर्षांत तिनं तीन कंपासपेट्या, दोन छत्र्या आणि आईचा नवा डबा झाकणासकट हरवला होता. एकदा तर ती सायकलवर क्लासला गेली आणि डोक्यात प्रमेय घोळवत पायी घरी आली. सायकल रात्रभर क्लाससमोर उभी.

"जी पोरगी सायकल इसरून येती," पप्पा म्हणाले, "ती लातूरहून येताना काय इसरंल? स्वतःला?"

शेजारच्या उज्वला काकूंनी वाटीभर साखर मागायला येऊन आपलं मत दिलं. "होस्टेलच्या वरणात डाळ नसती बाई. माझ्या भाच्याला तिथं चष्मा लागला."

"त्याला चष्मा आधीच होता की काकू."

"हाव, पण नंबर वाढला."

शेवटी तेराव्या दिवशी पप्पांनी तोडगा काढला. रविकांत नरवाडे पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक होते आणि त्यांचा तोडगा नेहमी कागदावर निघायचा. त्यांनी फुलस्केप कागद घेतला, डाव्या बाजूला समास सोडला आणि वर लिहिलं, 'विषय : चांदेगाव येथील जत्रेस जाणे-येणेबाबत.'

चांदेगाव मुखेडच्या थोडं अलीकडं. तिथं चैत्रात मोठी जत्रा भरते. तिथल्या देवाशी नरवाड्यांचा संबंध नव्हता. आजोबांनी छपन्न साली दीक्षा घेऊन तो विषय कायमचा संपवला होता. पण आकाशपाळणा आणि रेवडी यांच्याशी घराण्याचं कधी वाकडं नव्हतं. तर रविवारी विशाखानं सगळ्यांना एसटीनं जत्रेला न्यायचं, आणि रात्री आठच्या आत घरी आणायचं. गाडी कोणती, उतरायचं कुठं, खायचं काय, सगळी जिम्मेदारी तिची. तिसरं कलम पप्पांनी जाड अक्षरात लिहिलं : 'प्रवासात कोणतीही वस्तू, जनावर अथवा इसम हरवू नये.'

"जनावर कुठलं हाय आपल्याकडं?" आईनं विचारलं. आई म्हणजे पंचशीला, सरकारी दवाखान्यात सिस्टर. तिला शंका नेमक्या ठिकाणी यायच्या.

"नमुन्यात असतं," पप्पा म्हणाले.

शेवटचं कलम त्यांनी स्वतःवर लादून घेतलं. रविकांत नरवाडे दिवसभर एक शब्द बोलणार नाहीत, सल्ला देणार नाहीत, भुवईसुद्धा उडवणार नाहीत. विशाखा म्हणेल तिथं बसतील, म्हणेल तिथं उतरतील. मोबाईल तिच्या ताब्यात देतील, म्हणजे गुपचूप गाड्या बघितल्या असा आरोप नको. हे सगळं नीट पार पडलं तर लातूर. एक जरी कलम मोडलं तर नांदेडलाच अकरावी, आणि फाईल बंद.

विशाखानं सही केली. साक्षीदार म्हणून आईनं केली. अंगठ्याची जागा पप्पांनी सवयीनं सोडली होती, ती तशीच राहिली.

आता मोहिमेला कोणाची नजर लागायला नको म्हणून हे घरातच ठेवायचं ठरलं होतं, पण उज्वला काकूंची साखर संपायची थांबत नव्हती. शनिवारी संध्याकाळी समोरचे किशनराव काका दारात हजर. वय शहात्तर. एसटीत कंडक्टर म्हणून तीस वर्षं काढलेला माणूस. निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली होती, पण ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलेली दिसत नव्हती. रस्त्यानं एसटी गेली की ते मनगटावरचं घड्याळ बघून "सात मिनिटं लेट" असं गल्लीला कळवायचे.

"मुखेड रूटवर चाललीस म्हणं," काका म्हणाले. "त्या रूटचा एक-एक खड्डा मला नावानं ओळखतो. मी संग येतो."

"काका, उन्हाचं कशाला..."

"मला तिकीट न्हाई. पंच्याहत्तरच्या वर फुकट हाय. घेऊन चल, अनुभवी माणूस पाहिजे."

विशाखानं पप्पांकडं पाहिलं. पप्पांनी भुवई उडवली नाही. कलम अजून लागू व्हायचं होतं, पण त्यांनी सराव सुरू केला होता.

रविवारी सकाळी सात वाजता चौघं बसस्टँडवर पोचली. अख्ख्या नांदेडनं आजच प्रवासाला निघायचं ठरवलं होतं. लग्नाची माणसं, जत्रेची माणसं, कोंबडी घेतलेला एक माणूस, कूलर घेतलेली दोन माणसं. पप्पा पांढरा शर्ट घालून, हात मागं बांधून, तपासणीला आलेल्या साहेबासारखे उभे. तोंडातून शब्द नाही. त्यांचं हे गप्प उभं राहणं बोलण्यापेक्षा जास्त लागत होतं. जणू मनातल्या मनात शेरे लिहून राहिले होते.

विशाखा फलाटाचं पत्रक वाचायला निघाली, तर काकांनी हात धरला. "काय वाचतीस? मुखेड सातवर लागती. मी लावायचो."

"बदललं असलं तर?"

"सात नंबर कसा बदलंल? सिमेंटचा हाय."

अनुभवापुढं काय बोलणार? चौघं सातवर गेली. पाच मिनिटांत धुरळा उडवत एक गाडी वळली आणि ती थांबायच्या आधीच माणसं तिच्या बाजूनं पळायला लागली. विशाखानं पूर्ण तयारी केलेली होती. तिच्याकडं चार दस्त्या होत्या, आदल्या रात्री इस्त्री केलेल्या. मराठवाड्यात रुमालाला दस्ती म्हणतात आणि खिडकीतून सीटवर दस्ती टाकली की ती जागा आपली झाली, हा कायदा कुठल्या पुस्तकात नसला तरी त्याच्यावरून भांडण झालं तर सगळी गाडी न्याय द्यायला बसते. तिनं पळता पळता पहिली दस्ती फेकली. आतून कोणीतरी ती उचलून घाम पुसला. दुसरी वाऱ्यानं परत आली. तिसरी कोंबडीवर पडली.

"दस्तीला आता कोणी मानत न्हाई," काका धापा टाकत म्हणाले. "लोक बिघडले. माणूस टाकावं लागतं."

"कोणाला टाकू?"

काकांनी नजरेनं दाखवलं. मागं हात बांधून, शांतपणे, पप्पा उभे होते. वजन बावन्न किलो.

पुढं जे झालं ते विशाखाला आठवायचं म्हटलं तरी कानशिलं गरम व्हायची. "पप्पा, आत," ती म्हणाली. हुकूमच होता. पप्पांनी एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा आकाशाकडं. मग चपला काढून आत टाकल्या, आईच्या हातातली छत्री घेतली, आणि ज्यांच्या टिपणीशिवाय कुठली फाईल साहेबांसमोर जात नाही असे रविकांत नरवाडे खिडकीतून आत गेले. आधी डोकं, मग खिशातला पेन, मग कंबरेशी जरा अडचण. काकांनी खालून रेटा दिला आणि उरलेले पप्पा गेले. त्यांच्याच ऑफिसातले भुजंग शिपाई तेवढ्यात फलाटावरून चालले होते. त्यांनी खिडकीबाहेरच्या दोन पायांना अदबीनं नमस्कार केला.

आत पप्पांनी चार जागा पकडल्या. एकीवर स्वतः, एकीवर छत्री, उरलेल्या दोन्हींवर एक-एक चप्पल.

"शाब्बास!" काका म्हणाले. "आता घाई न्हाई. मुखेडची गाडी इथं अर्धा तास थांबती. दारातली गर्दी जिरू दे. तवर चहा."

विशाखाला आतून वाटत होतं की चढून बसावं. पण चार जागा पक्क्या होत्या, आईला खरंच चहा हवा होता, आणि मोहिमेचा पहिला टप्पा इतका सुरेख पार पडला होता की तिला थोडं मिरवायचंही होतं. ती कँटीनच्या पायरीवर कप घेऊन उभी राहिली. लातूरच्या होस्टेलवर आपली खोली वरच्या मजल्यावर असावी की खालच्या, याचा ती विचार करत होती.

तेवढ्यात गाडीनं हॉर्न दिला. गाडी मागं सरकली, वळली. खिडकीत पप्पांचा चेहरा दिसला. तोंड घट्ट मिटलेलं. त्यांनी एक हात हळूच वर केला.

विशाखानं पण हात हलवला.

"गाडी बाजूला लावून राहिले," काका म्हणाले. "डिझेल भरतील."

गाडी गेटातून बाहेर पडली. मागच्या काचेवरचा बोर्ड उन्हात लख्ख चमकला : नांदेड – भोकर.

भोकर उत्तरेला. मुखेड दक्षिणेला. सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटं झाली होती आणि तिसरं कलम, जाड अक्षरातलं, मोडलं होतं. हरवलेला इसम म्हणजे खुद्द परीक्षक.

काका कप खाली ठेवत म्हणाले, "सातवर भोकर लावायला लागले का आता? सांगायचं तरी." तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला न विचारता फलाट बदलावा, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. ते तिथंच बाकड्यावर बसले आणि अर्धा तास त्या सिमेंटच्या सात आकड्याकडं बघत राहिले.

विशाखा चौकशीच्या खिडकीकडं पळाली. तिच्या पिशवीत पप्पांचा मोबाईल होता, तो पळताना तिच्या मांडीवर आपटत होता.

"साहेब, माणूस हरवलं."

आतल्या गृहस्थांनी पेन उचललं. अतिशय सभ्य माणूस. "लहान मूल का?"

"एक्कावन्न वर्षं."

"डोक्यानं बरे हायत का?"

"क्लार्क हायत."

"कुठं पाहिलं शेवटचं?"

"भोकरच्या गाडीत. खिडकीजवळ बसलेले."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाई, हे हरवले न्हाईत. हे गेले. हरवलं तर मी माईकवरून पुकारतो. गेलेल्याला कसं पुकारू? ते ऐकायला इथं न्हाईत."

यात चूक काढण्यासारखं काहीच नव्हतं. विशाखा परत येताना जरा खांबाआड थांबली. तिला रडू आलं होतं आणि ते लीडरला शोभत नव्हतं, म्हणून तिनं ते एसटीच्या वेळापत्रकाकडं तोंड करून उरकलं. समोरच, ठळक अक्षरात, मुखेड : फलाट चार.

ती परतली तेव्हा आई शांतपणे बाकड्यावर बसली होती. रोज दवाखान्यात पडलेली-झडलेली माणसं बघणाऱ्या बाईला, एक धडधाकट नवरा चुकीच्या दिशेनं गेला याचं फार वाटत नव्हतं. "पडले न्हाईत, भाजले न्हाईत," ती म्हणाली. "बसून गेले. बोल लीडरबाई, घरी जायचं का?"

हा प्रश्न साधा नव्हता. घरी गेलं असतं तर पप्पा दुपारपर्यंत आपोआप आले असते. जेवण झालं असतं, कागद फाईलला लागला असता, आणि जूनमध्ये विशाखा सायकलवर नांदेडच्या कॉलेजात. लातूर तर आता गेलंच होतं. पण तिला पप्पा माहीत होते. 'म्हणेल तिथं बसतील, म्हणेल तिथं उतरतील.' लिहिलेलं म्हणजे लिहिलेलं. उतरा असं त्यांना कोणी म्हटलेलं नव्हतं. भोकरला गाडी रिकामी होईल, धुतली जाईल, कदाचित पुढं तेलंगणाच्या हद्दीपर्यंत जाईल, आणि पप्पा चार जागा धरून बसलेलेच असतील.

"आई," ती म्हणाली, "भोकरला स्टँडमागं ब्लाऊज शिवतात त्या आपल्या कोण?"

"महामाया. माझी मावसबहीण."

"नंबर दे."

महामाया मावशीनं फोन उचलला तेव्हा मागं शिलाई मशीन चालू होती. विशाखानं सगळं सांगितलं. मशीन थांबली. मग बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं. मग मावशी गंभीर झाली आणि म्हणाली की गाडी आली की ती फाटकातच धरते.

पावणेनऊला फोन वाजला. "सापडला गं तुझा बाप! बसलाय बघ खिडकीला. अख्खी गाडी उतरली, हा न्हाई. कंडक्टर सांगून राहिला, लोकं भोकरपर्यंत उभी आली अन् ह्यानं चपला बसवून आणल्या. तिकिटंबी चार घेतो म्हणला, म्हणं बाकीचे येऊन राहिले. एक म्हातारं हाय म्हणला फुकटवालं, तर कंडक्टर म्हणला कार्ड दाखवा, म्हातारं दाखवा."

"बोलले का ते?"

"कंडक्टरसंग बोलला. माझ्यासंग मुका. मी म्हणलं भावजी उतरा, तर मान हलवतो न्हाई म्हणून. घे, फोन त्याच्या कानाला लावते."

विशाखानं घसा साफ केला. "पप्पा," ती म्हणाली, "उतरा."

पलीकडून मावशीचा आवाज : "उतरला बाई! पाय खाली ठेवला!"

त्यानंतर विशाखाचा सूर असा बदलला की आईनं मान वळवून पाहिलं. "मावशी, त्यांना पाणी दे. नांदेडच्या गाडीचा बोर्ड तू वाच. पुढचा पण वाच, मागचा पण. ड्रायव्हरला विचार. मग कंडक्टरला विचार, दोघांचं एक आलं तरच बसव. अन् गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत तिथून हलू नको. छत्री घेतली का बघ. चपला दोन्ही हायत का बघ."

अकरा वाजता भोकरची गाडी आली. पप्पा दारातून उतरले, रीतसर, पायऱ्यांवरून. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात मावशीनं दिलेल्या भज्यांचा पुडा. शर्टाची इस्त्री गेली होती, चेहऱ्यावरचं मात्र काहीच कळत नव्हतं. विशाखा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिनं पिशवीतला फुलस्केप कागद काढला, पेन काढला आणि तिसऱ्या कलमासमोर लिहिलं, 'मोडले.' खाली सही केली. कागद त्यांच्या हातात दिला.

"लातूरचं संपलं, मला मान्य हाय," ती म्हणाली. "पण जत्रेला मी तुम्हाला नेणार म्हणलं होतं. नेणार. फलाट चार. चला."

पप्पांनी कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला. बोलले नाहीत. काका मात्र बोलले. ते म्हणाले, "चारवर तर पूर्वी..." आणि विशाखानं नुसतं त्यांच्याकडं पाहिलं. तीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या तपासणीसानं काकांना इतकं गप्प केलं नव्हतं.

दीड वाजता चांदेगावात उतरले तेव्हा ऊन डोक्यावर तापलं होतं आणि जत्रा त्याला दाद न देता चालली होती. शिंगं रंगवलेले लालबुंद कंधारी बैल, त्यांच्यापेक्षा जास्त नटलेले त्यांचे मालक. बांगड्यांची पालं. रेवड्यांचे ढीग. आकाशपाळणा कुरकुरत फिरत होता आणि त्यातून ओरडणाऱ्या माणसांचा आवाज वर जाताना बारीक अन् खाली येताना मोठा होत होता. आईनं हिरव्या बांगड्या भरल्या. काकांना त्यांच्या वेळचे एक ड्रायव्हर भेटले, आणि दोघांनी जत्रेकडं पाठ करून, सध्याचे ड्रायव्हर गिअर कसे टाकतात यावर तास काढला.

विशाखा सगळीकडं गेली. पाळण्यात पण बसली. पाळणा वर गेला तेव्हा लांबवर रस्ता दिसला, लातूरच्या बाजूला जाणारा, दोन्हीकडं वाळलेली रानं. ती खाली येईपर्यंत दुसरीकडं बघत राहिली. तिला कोणाचा राग आला नव्हता. काकांचा पण नाही. बोर्ड वाचायला तिला दोन डोळे होते आणि पायरीवर चहा पीत ती खोलीचा मजला निवडत बसली होती, हे तिला पाठ झालं होतं.

शेवटची गाडी पाचला. सव्वाचारला तिनं माणसं गोळा केली. आई आली, काका आले.

पप्पा नव्हते.

"आत्ता तर हितं होते," आई म्हणाली, आणि दिवसभरात पहिल्यांदा तिचा आवाज जरा हलला.

एका दिवसात एकच बाप दोनदा घालवणारी लेक पंचक्रोशीत दुसरी नसेल. विशाखा जत्रा समितीच्या मांडवात घुसली. तिथं माईकवर चन्नबसप्पा नावाचे आडव्या अंगाचे गृहस्थ सकाळपासून हरवलेली पोरं पुकारत होते, आणि त्यांच्या तोंडात एकच मजकूर बसला होता. विशाखानं नाव सांगितलं मात्र, कर्ण्यातून आवाज घुमला : "नांदेडचे रविकांत नरवाडे, वय एक्कावन्न! अंगात पांढरा शर्ट! तुम्ही जिथं असाल तिथून समितीच्या मांडवात यावं! तुमची माणसं तुमची वाट बघत हायत! रडू नका! कोणी खाऊ दिला तर घेऊ नका!"

मांडवाबाहेर माणसं हसली. विशाखा हसली नाही. दहा मिनिटं झाली, पप्पा आले नाहीत. आईला आणि काकांना तिनं मांडवातच बसवलं, "हितून हलायचं न्हाई" असं बजावलं, आणि ती एकटी निघाली. घाई केली नाही. पहिल्या पालापासून सुरुवात केली आणि रांगेनं एक-एक पाहत गेली. रेवडी, बांगड्या, खेळणी, घोंगड्या, घुंगुरमाळा. पप्पा खेळण्यांत रमणारे नव्हते. देवळाच्या बाजूला जाणारे नव्हते. गर्दीत थांबणारे नव्हते. ती जत्रेच्या पार टोकाला गेली, जिथं लोहाराची अवजारं आणि पत्र्याचं सामान विकत होते.

तिथं पप्पा होते. पत्र्याच्या पेट्यांच्या दुकानात. ते एका पेटीपुढं उकिडवे बसून तिचं झाकण उघडत होते, लावत होते, परत उघडत होते. बोटांच्या पेरांनी तळ वाजवून पाहत होते. एक म्हातारा पेंटर पेटीच्या पुढच्या अंगावर पिवळ्या रंगानं अक्षरं काढत होता. 'वि' झाला होता, 'शा' झाला होता.

विशाखा मागं जाऊन उभी राहिली. पप्पांनी वळून पाहिलं. सकाळी सातपासून घरच्यांपुढं बंद असलेलं तोंड त्यांनी उघडलं.

"बापाचं नाव पण टाकायचं का नुसतं तुझं?" त्यांनी विचारलं.

विशाखानं वाकून ओल्या अक्षरांकडं पाहिलं.

"टाक," ते स्वतःच पेंटरला म्हणाले. "जागा हाय."

"पप्पा, कलम तीन..."

"वाचलं मी. तीनदा वाचलं गाडीत." त्यांनी खिशातून कागद काढला. ऑफिसात एखाद्या ठेकेदाराला समजावतात तसं ते बोलायला लागले, पेटीवर बोट ठेवून. "'इसम हरवू नये' असं हाय. मी हरवलो कुठं? बसल्याबरोबर शेजारच्यानं विचारलं, भोकरला का. मला ठाऊक होतं मी कुठं चाललो. मग तुला ठाऊक झालं. दोघांना ठाऊक असल्यावर त्याला हरवला म्हणत न्हाईत. तू 'मोडले' लिहिलंस ते चुकीचं हाय. खाडाखोड करून घे."

"मग ओरडला का न्हाई तुम्ही? खिडकीतून नुसता हात वर केला!"

पप्पांनी पेटीचं झाकण एकदा लावलं. "लातूरला काय मी खिडकीतून ओरडायला येणार हाय?" ते म्हणाले. मग जरा थांबून, आवाज उतरवून : "भोकर येईपर्यंत लई वाटलं ओरडावं. वाटेत मुदखेड लागतं, त्याच्या अलीकडंच वाटलं. म्हणलं ही पोरगी घाबरंल, रडंल, आईला घेऊन घरी जाईल. अन् मी बसलो चपला धरून."

"रडले की."

"असू दे," पप्पा म्हणाले. "उतरा म्हणलीस तवा आवाज बरा होता."

पेंटरनं मान वर न करता विचारलं, "खाली गाव कुठलं टाकू साहेब? नांदेड?"

पप्पांनी विशाखाकडं पाहिलं. गाव कुठलं ते तिनंच सांगायचं होतं.

"लातूर," ती म्हणाली.

पाचच्या गाडीला पाच मिनिटं उरली होती आणि रंग ओला होता. "तासभर उन्हात ठेवा," पेंटर म्हणत होता, पण शेवटची गाडी कोणासाठी थांबत नाही. पप्पांनी पेटी उचलली. विशाखा म्हणाली, "एक कडी मी धरते." त्यांनी ऐकलं नाही, कलमं आता संपली होती. दोन्ही हातांनी पेटी छातीशी कवटाळून ते जत्रेतून जे सुटले ते मांडवाजवळून आई आणि काकांना सामील करून थेट गाडीपर्यंत. विशाखानं पुढचा बोर्ड वाचला, मागचा वाचला, ड्रायव्हरला विचारलं, आणि सगळ्यांना चढवून शेवटी स्वतः चढली.

आत बसायला जागा नव्हतीच. पेटी मधल्या वाटेत ठेवली आणि काकांना तिच्यावर बसवलं. गाडी हलली. पप्पा दांडीला धरून उभे राहिले, घामानं डबडबलेले, आणि तेव्हा आईचं लक्ष त्यांच्या छातीकडं गेलं. पांढऱ्या शर्टावर, खिशापासून पोटापर्यंत, पिवळीधमक अक्षरं उमटली होती, सगळी उलटी. वर विशाखा, मधे रविकांत नरवाडे, आणि खाली, सगळ्यात ठळक, लातूर.

आईनं पदराच्या टोकानं एकदा घासून पाहिलं. रंग पसरला, पण गेला नाही. तिनं हात काढून घेतला.

"ऑइल पेंट हाय," ती म्हणाली. "हे आता निघत नसतं."

"राहू दे," पप्पा म्हणाले.